आक्काताईंचं बोअर आणि तोहिदच्या दोन कॉईल

आक्काताईंचं बोअर हरवलं होतं. बोअर चोरीला जात नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. ते हातकणंगल्यातल्या त्यांच्याच प्लॉटमध्ये होतं, यावरही दुमत नव्हतं. पण घरासाठी मुरमाचे ट्रॅक्टर खाली झाले, झाकण बसवलेलं बोअर भरावाखाली गेलं आणि खुणेचा बांबू कुणीतरी मांडवाला नेला. चौघांना विचारलं, तर चौघांनी चार जागा शपथेवर दाखवल्या. दोन ठिकाणी खड्डे काढून झाले. आता उद्या सकाळी गणपती मिस्त्री जमिनीचं काँक्रीट ओतणार होता. त्यानंतर बोअर कायमचं गेलं.

“नारळवाल्याला बोलवू का?” गणपतीनं विचारलं. “हातावर नारळ घिऊन फिरतोय. नारळ उभा राहिला की खाली पाणी.”

“आमच्यात तसलं चालत न्हाय,” आक्काताई म्हणाल्या. मग भाचीकडं बघून, “पण हिचं यंत्र चाललं न्हाय, तर मी घटकाभर डोळं झाकून उभी राहीन.”

भाची म्हणजे संघप्रिया. इचलकरंजीत ज्युनिअर कॉलेजवर फिजिक्स शिकवते. यंत्र म्हणजे तिनं घरी बनवलेला मॅग्नेटोमीटर: बोटाएवढा सेन्सर आणि आकडे दाखवणारा डबा. बोअरचा वरचा पाईप लोखंडी होता. लोखंडाजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जरासं बदलतं, तो बदल यंत्रानं पकडायचा. अडचण एवढीच, की प्लॉटवरच्या खांबांत सळ्याही लोखंडाच्याच. ‘काहीतरी आहे’ एवढं कळून भागणार नव्हतं. किती आहे, हेही कळायला हवं होतं. म्हणून आधी कॅलिब्रेशन: किती आहे ते आधीच माहीत असलेल्या चुंबकीय क्षेत्रात यंत्राचा आकडा पारखून घ्यायचा.

त्यासाठीच्या कॉईल तोहिदनं गुंडाळल्या होत्या. तो तिचा शाळेतला वर्गमित्र. कबनूरला यंत्रमागांच्या मोटरी जळतात आणि त्यांना नवी तार गुंडाळून देणारं तोहिदचं रिवायंडिंगचं दुकान चालतं.

शेजारच्या मोकळ्या रानात, पालथ्या प्लॅस्टिकच्या टबावर दोघांनी दोन गोल कॉईल समोरासमोर उभ्या केल्या. ठरलेला करंट सोडला, की मधोमध वीस मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र यायला हवं, असं संघप्रियाचं गणित होतं. सेन्सर आधी उत्तरेकडं धरला. आकडा वर पळाला. मग कॉईलच्या मधोमध पूर्व-पश्चिम ठेवला, पृथ्वीचा वाटा त्यात येऊ नये म्हणून. शून्य. इथवर सगळं बरोबर. तोहिदनं बटण दाबलं.

शून्य.

“करंट जातोय?”

“जातोय की! मीटर बघ.”

आक्काताई खाली वाकल्या. “म्हणजे एवढी मोठी पृथ्वी दिसती, आणि नाकासमोरची कॉईल दिसत न्हाय?”

“आत्या, हिचं गणित चुकलंय.”

“वेढे मोजलेलास?”

“एक वेढा कमी निघाला तर मिशी काढीन.”

“आधी येऊ दे तरी.”

गणपतीनं खिशातून फोन काढला आणि नारळवाल्याचा नंबर शोधायला घेतला. ते बघून संघप्रियानं घाईनं सेन्सर उचलला, जोड तपासायला. तो एका कॉईलजवळून जाताना आकडा टुणकन वर गेला. ती थांबली. सेन्सर दुसऱ्या कॉईलकडं नेला. आकडा तेवढाच खाली, उणे. परत मधोमध. शून्य.

“तोहिद, दोन्ही कॉईल एकमेकींना जोडल्यास कशा?”

“जोडतात तशा. एक उत्तर, एक दक्षिण, आलटून पालटून.”

“अरे, ही मोटर न्हाय! दोघी एकमेकींविरुद्ध ओढतायत. मधी काय राहणार?”

“मग चित्रात बाण दावायचास की!”

तिनं त्याला दाखवलेलं कॉईलचं चित्र बाहेर काढून पाहिलं. करंटची दिशा दाखवणारे बाण नव्हते. तिनं ते घडी करून परत ठेवून दिलं.

तोहिदनं एका कॉईलच्या तारा उलट केल्या. बटण दाबलं. सोळा.

“चार कमी,” आक्काताईंचा चेहरा पडला.

करंट निम्मा केला. आठ. दिशा फिरवली. उणे आठ. संघप्रिया हसली. “प्रत्येक आकडा सव्वापट धरायचा, आत्या.”

“म्हणजे काटा मारतंय.”

“मारतंय, पण दरवेळी सारखाच.”

“मग चालंल. असल्या दुकानदाराकडनं माल घेता येतोय.”

सेन्सर पुन्हा उत्तरेकडं धरला, आकडा सव्वापट केला; चाळीसच्या जरा आत. इथं पृथ्वीच्या क्षेत्राचा आकडा तेवढाच यायला हवा होता. गणपतीनं फोन खिशात घातला.

मग प्लॉटवर दोऱ्या आखून, सेन्सर उभा धरून संघप्रिया चालू लागली. मागून तोहिद आकडे मोठ्यानं सव्वापट करत होता. खांबापाशी आकडा हलायचा आणि दोन पावलांवर पुन्हा पंधरा-सोळावर, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उभ्या वाट्यावर, यायचा. सगळ्या खांबांपासून लांब एका जागी मात्र तो चढतच गेला. तीस. पन्नास. सत्तर. चौघांनी शपथेवर दाखवलेल्या जागांपैकी ही एकही नव्हती.

गणपतीनं कुदळ मारली. हातभर मुरूम निघाला आणि टण्ण वाजलं. झाकण खोलून आक्काताईंनी एक खडा आत सोडला. खालून ‘डुबुक’ आलं.

“आत्या!” तोहिद ओरडला.

गणपतीचं लक्ष मात्र भिंतींसाठी मारलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघांकडं होतं. “आक्काताई, हे आलंय स्वैपाकघराच्या भिंतीला खेटून, हॉलच्या अंगाला. मोटर, पाईप, सगळं पावण्यांच्या मांडीवर.”

“मग भिंत सरकव. बोअर स्वैपाकघरात घे.”

“हॉल बारका हुतोय.”

“हू दे,” आक्काताई पदरानं हात पुसत म्हणाल्या. “पावणं बसतील अंगणात.”