तीन मेणबत्त्यांचं निरीक्षण

नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई दरवर्षी एक प्रयोग स्वतः करून दाखवत. साठ मुलांत काचेची बरणी एकच, त्यामुळे मागच्या बाकांनी मान उंच करून बघायचं. थाळीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पालथी बरणी. मेणबत्ती विझली की पाणी बरणीत चढायचं आणि बाईंनी रंगानं आखलेल्या पाच खुणांपैकी पहिलीवर थांबायचं.

"ऑक्सिजन संपला. म्हणजे हवेत तो किती? एक पंचमांश."

पाणी नेमकं तिथंच थांबावं म्हणून मेणबत्ती केवढी कापायची, हे बाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शोधून काढलं होतं. ते मात्र त्या कधी कुणाला बोलल्या नव्हत्या.

एका वर्षी वर्गात टिटवी होती. आवाज बारीक आणि तोंडाला विश्रांती नाही, म्हणून हे नाव पडलेलं. तिनं हा प्रयोग घरी करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली.

"बाई, मी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी दुपटीनं चढलं. बरणी तीच, मग ऑक्सिजन वाढला कसा?"

साठ तोंडं त्यांच्याकडे वळलेली.

"पुस्तक लिहिणाऱ्यांना तुला विचारायचं राहून गेलं वाटतं," त्या म्हणाल्या. वर्ग खो खो हसला. टिटवीच्या प्रयोगवहीतलं अर्धं पान त्यांनी न वाचताच लाल शाईनं खोडलं आणि खाली शेरा मारला : निरीक्षण चुकीचे, पुन्हा लिहा. तिनं निमूटपणे एक पंचमांश लिहून आणलं. त्यानंतर दहावी संपेपर्यंत विज्ञानाच्या तासाला तिनं हात वर केला नाही.

दोन वर्षांनी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेला तरुण बाईंच्या निम्म्या वयाचा. त्यानं तशाच पाच खुणा आखलेली एक बरणी घेतली आणि तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी दुसऱ्या खुणेच्याही वर गेलं.

"बरणीच्या कडेकडे बघा," तो म्हणाला. त्यानं पुन्हा करून दाखवलं. बरणी ठेवताच कडेखालून बुडबुडे निघत होते. ज्योतीनं तापलेली हवा फुगून बाहेर पळत होती. मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा निवली, आकसली, म्हणून पाणी वर चढलं. ऑक्सिजन तर बराचसा आतच राहिला होता.

"इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नाही?" त्यानं सहज विचारलं.

चाळीस शिक्षक एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. हात वर करायचं धाडस त्यांनाही झालं नाही.

परतल्यावर चार दिवस त्यांनी टाळाटाळ केली. मग टिटवीच्या आईच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. टिटवी आता अकरावीला होती, कला शाखेला. मशीनपाशी तीच उभी होती.

"किती प्रती, बाई?"

"प्रती नकोत. तो मेणबत्तीचा प्रयोग... तुझं बरोबर होतं. मी चुकले." त्यांनी बोटानं काउंटरवर बरणीचा गोल काढला. "गरम हवा बाहेर जाते. बुडबुडे दिसतात."

टिटवीनं कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ केला. "बुडबुडे मी लिहिले होते, बाई. त्याच पानावर. तुम्ही खोडलंत."

बाईंना तिथं उभं राहवेना.

"सायन्सला यायचं असेल तर अजून... मी मुख्याध्यापकांशी बोलते."

"आता नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं. मागे एक गिऱ्हाईक ताटकळत होतं, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

सोमवारी त्यांनी नववीच्या वर्गात तीन मेणबत्त्या लावल्या. मुलांना बरणीभोवती गोळा करून बुडबुडे दाखवले. आपण इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, मेणबत्ती मापून कापत होतो, आणि एका मुलीनं बरोबर पाहिलं तर तिला गप्प बसवलं, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही.

मुलं जागेवर परतल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं वही उघडली. "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?"

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"पुस्तकात आहे तेच. पाणी चढलं तेवढा ऑक्सिजन, एक पंचमांश," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही, आणि कुणीतरी पुन्हा सांगा म्हणालं.