यादीतली नववी जागा

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गोरोबाची अठरा वर्षे गेली होती. ऊसतोडणीच्या पाळीत कोण मधेच घुसू पाहतो, हे त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळे. पण या हंगामात संगणक आला आणि वाचायला चेहराच उरला नाही.

त्या दुष्काळी सत्त्याऐंशी साली एका सकाळी नागूबाई दारात येऊन उभी राहिली.

"दादा, कागदावर माजं नाव न्हाय. मुकादम म्हनतो, नाव न्हाय तर टोळी न्हाय. आठ दिसांत उसाचं सरपन व्हईल."

गोरोबाने छापील यादी ओढली. बाईची विहीर आटली म्हणून काल त्यानेच आपल्या टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर तिचे नाव दोनशे बाराव्या जागेवरून नवव्या जागेवर आणले होते. कागदावर ते दोन्हीकडे नव्हते. उलट संचालकांचे साडू गुरुसिद्धप्पा मात्र एकशे एक आणि एकशे दोन अशा लागोपाठ दोन जागांवर होते. एकूण नावे बरोबर अडीचशे.

एक काढले, एक घातले. यादी छापणारा बाबू धाराशिवहून आलेला, अजून कायमही न झालेला. गोरोबाने शेतकी अधिकाऱ्यांच्या नावे तक्रार लिहिली आणि घडी करून खिशात ठेवली. ती पोहोचली की संध्याकाळपर्यंत बाबू घरी, हे त्याला पक्के ठाऊक होते.

संगणकाच्या खोलीबाहेर त्याने रिवाजाप्रमाणे चपला काढल्या.

"गुरुसिद्धप्पाला दोन पाळ्या कुनी दिल्या रं?"

बाबूने यादी शांतपणे चाळली. तो घाबरला नाही, हेच गोरोबाला खटकले.

"मामा, बाईचं नाव तुमी किती वाजता हलवलं?"

"मलाच इचारतूस व्हय?"

"तुमी मला चोर समजून आलाव. म्या येळ बी इचारू नये का?"

गोरोबाला आठवले. चहा झाला होता, भिंतीपलीकडे छपाईची करकर चालू होती. त्याच कागदावर नाव यावे म्हणून त्याने घाई केली होती.

"छपाई चालू असताना," तो म्हणाला.

बाबूने नवा कागद चढवला. "शंभराच्या पुढं गेलं की भिंतीवर थाप मारतो. तवा खालचं एक नाव वर न्या."

गोरोबा अनवाणीच आपल्या पडद्याकडे गेला. थाप ऐकताच त्याने तळाच्या धुळाप्पाला चौथ्या जागेवर नेले. परत येऊन पाहतो, तर कागदावर धुळाप्पा कुठेच नव्हता, आणि एकशे सहावे नाव एकशे सातवर पुन्हा उमटले होते.

"यंत्र वरून खाली वाचत जातं," बाबू म्हणाला. "नववी जागा वाचून झाल्यावर तुमी बाईला तिथं बसवलं. ते खाली पोचलं तवर बाई खाली न्हवती. मधले सगळे एकेक जागा खाली सरकले, म्हनून वाचलेलंच नाव पुन्यांदा म्होरं आलं. गुरुसिद्धप्पा त्या वक्ताला तिथं सापडले, येवढंच."

गोरोबा खुर्चीवर टेकला. गेल्या महिन्यात बिरूचे नावही त्याने असेच, करकर ऐकत, वर नेले होते. ते कागदावर आले नाही तेव्हा त्याने मुकादमावर संशय घेतला होता.

त्याने खिशातला कागद काढला आणि कोऱ्या बाजूवर लिहिले: नागूबाईकडे आजच टोळी पाठवावी. नाव गळाले ते माझ्या हातून. खाली सही केली आणि कागद बाबूपुढे सरकवला.

"अधिकाऱ्याला दे. आन् छपाई सुरू करायच्या आधी मला सांगत जा. संपस्तवर यादीला हात लावनार न्हाय."

बाबूने कागद उजेडाकडे धरला. "मागं बी कायतरी लिवलंय, मामा."

गोरोबा क्षणभर दाराकडे, आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "आधी ते वाच."