अहवाल येईपर्यंतचे अकरा दिवस

मी एक जुना, चावी देऊन चालणारा स्टॉपवॉच आहे. माझी तबकडी पांढरी, काटा निळा, आणि डोक्यावर एकच बटण. ते एकदा दाबले की मी धावतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की शून्यावर परत येतो. एका सेकंदात मी पाच वेळा टिकटिक करतो. म्हणून मला सेकंदाचा पाचवा भाग कळतो, दहावा कळत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मोजण्याचे काम करणाऱ्याने आपल्याला काय कळत नाही ते लपवू नये.

माझा जन्म एका लांब खोलीत झाला. खिडक्यांखाली टेबलांची रांग, आणि प्रत्येक टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेली एक बाई. माझी केसासारखी बारीक कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवणारी बाई चिमटा टेकवताना श्वास रोखून धरीत असे. शेजारीण तिला म्हणे, "अगं, श्वास घे, नाहीतर घड्याळाआधी तूच बंद पडशील." पुढे तीन दिवस मला मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिले: उभा, उताणा, पालथा, थंडीत आणि उबेत. मग मला डबीत घातले.

ती डबी एका जलतरण प्रशिक्षकाने उघडली. तलावावर सगळे त्यांना 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा' म्हणत. तलावाच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या मुलीला ते सांगत, "कोपर वर!" आणि बाहेर रस्त्यावरून जाणारा माणूसही आपले कोपर वर करी, अशी थट्टा होती. सरांच्या गळ्यात काळ्या नाडीला मी बावीस वर्षे लटकत होतो. त्यांच्या अंगठ्याने माझ्या बटणावरची खाच झिजून गुळगुळीत झाली. एका मोठ्या स्पर्धेत विजेवर चालणारी यंत्रणा पाणी शिरून बंद पडली, तेव्हा पंचांनी माझा आकडा ग्राह्य धरला. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

नंतर शंभरावा भाग सांगणारी प्लास्टिकची घड्याळे आली, मग फोनच घड्याळ झाले. मी घरातल्या मोठ्या टेबलाच्या खणात गेलो. सोबतीला तुटक्या पेन्सिली, एक कातर आणि मुदत संपलेल्या गोळ्या. सात वर्षे मी तिथे होतो. खणात दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते.

त्यामुळे सरांचा आवाज बसला हे मला पहिल्या आठवड्यातच कळले.

तलावावर काम करणाऱ्यांची एक खोड असते. डोळे लाल झाले, क्लोरीन. खोकला आला, क्लोरीन. केस राठ झाले, क्लोरीन. सरांनी पंप चालवणाऱ्याला दिवसातून दोनदा पाणी तपासायला लावले. दोन्ही वेळा आकडा बरोबर येई आणि सर म्हणत, "नीट बघत नाही लेकाचा." असे चार महिने गेले. शेवटी एकदा सरांच्या पत्नी टपाल कचेरीतून घरी आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, दुपारी तुम्ही फोन केलात ना, मी चुकीचा नंबर समजून ठेवणार होते. आवाज तुमचा वाटतच नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं."

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळीची दुर्बीण घालून पाहिले. डाव्या स्वरतंतूवर पांढरा चट्टा होता. त्या स्पष्ट बोलल्या: हा साधाही असू शकतो, कर्करोगही असू शकतो, नुसते बघून सांगता येत नाही. सरांना भूल देऊन चट्ट्याचा तुकडा काढला आणि तपासणीला पाठवला. तीन दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. अहवालाला नऊ दिवस लागतील.

सरांनी मात्र आपला अहवाल आधीच तयार केला होता. दुर्बिणीच्या दिवशी त्यांनी बाहेर बसून फोनवर वेळ लावली होती. त्यांच्या आधीचा माणूस चार मिनिटांत बाहेर आला. त्यांना स्वतःला अकरा मिनिटे लागली. पोहण्याच्या तलावावर तीस वर्षे घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वेळ जास्त म्हणजे निकाल वाईट.

त्या दिवसांत त्यांची मुलगी घरी राहायला आली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर दाढी करायला गेले आणि अर्ध्यातच, एका गालावर साबण तसाच ठेवून, खुर्चीत येऊन बसले. हात गार, श्वास वरच्या वर, छाती धडधडत होती. बोलायचे नव्हते म्हणून त्यांनी मुलांच्या वेळा लिहायच्या जुन्या तक्त्यामागे लिहिले, "थांबतच नाहीये."

"कधीपासून?" मुलीने विचारले.

"तासभर," सरांनी लिहिले.

"बाबा, तुम्ही आत गेलात त्याला सहा मिनिटं झालीत." दुसरी पेन्सिल काढायला तिने खण उघडला आणि तिचा हात मला लागला. तिने मला त्यांच्या तळहातावर ठेवले. "थांबत नाही म्हणता ना, मग बघू या थांबतं का."

सरांनी चावी दिली, बटण दाबले. मी चाळीस सेकंद चाललो आणि बंद पडलो. सात वर्षांत माझे तेल वाळले होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले. सरांनी मला मुठीत धरून ऊब दिली, हलकेच टिचकी मारली, पुन्हा बटण दाबले. या वेळी मी थांबलो नाही. त्यांचे हात गरम झाले, श्वास पोटापर्यंत गेला, तेव्हा माझ्यावर नऊ मिनिटे चाळीस सेकंद होती. मग सरांनी कोऱ्या तक्त्यावर तीन रकाने आखले: वार, काय करताना, किती वेळ.

मित्रांनो, मी शर्यती मोजल्या होत्या. भीती पहिल्यांदाच मोजत होतो. ती माणसाला अंत नसल्यासारखी वाटते, पण माझ्या काट्याखाली ती दर वेळी संपली. जेवताना, बारा मिनिटे. फोन वाजल्यावर, आठ. पायमोजे घालताना, काही कारण नसताना, चौदा.

पण सर पडले प्रशिक्षक. चौथ्या दिवशी हळू बोलायची परवानगी मिळाली आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "उद्या आठ मिनिटांच्या आत आणतो." दुसऱ्या दिवशी भीती आली तशी ते दात आवळून, माझ्यावर डोळे रोखून बसले. दर अर्ध्या मिनिटाला त्यांना वाटे, अजून गेली नाही, आणि ती नव्याने सुरू होई. बावीस मिनिटे. आजवरची सगळ्यात वाईट वेळ.

सरांच्या पत्नी कामाला निघाल्या होत्या. दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "अहो, ही काय शर्यत आहे? पलीकडे कोण पदक घेऊन उभं आहे?"

मुलगी म्हणाली, "कमी करायला नव्हतं दिलं, बाबा. संपते का, एवढंच बघायला दिलं होतं."

त्यानंतर बटण दाबून सर मला टेबलावर ठेवू लागले आणि हातातले काम चालू ठेवू लागले. शर्टाचे बटण लाव, भांडी पूस. भीती गेलीशी वाटली की येऊन मला बंद करीत. आकडे फारसे उतरले नाहीत. सर मात्र त्यांच्यावर चिडेनासे झाले.

सातव्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला. आणखी एक तपासणी करायची आहे, दोन दिवस जास्त लागतील. सरांनी फोन ठेवला. "झालं. तिथे अकरा मिनिटं, इथे अकरा दिवस. आणखी काय सांगायला हवं?"

पत्नी त्यांच्यासमोर बसल्या. "मी सव्वीस वर्षं टपालात काढली. उशिरा आलेली पत्रं रोज हाताखालून जातात. उशीर झाला म्हणून आतला मजकूर बदलल्याचं मी पाहिलं नाही. वाईट असेल तर वाईटच असेल, पण ते दोन दिवसांवरून ठरवू नका."

"तुला बरं इतकं शांत राहता येतं," सर म्हणाले.

त्या उठून भाजी निवडायला गेल्या. मला त्या वेळी बोलता आले असते तर मी बोललो असतो. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती.

आठव्या दिवशी तक्त्याची पुढची बाजू भरली. सरांनी कागद उलटला. मागे दुसऱ्याच अक्षरात पाच ओळी होत्या. सोमवार, खिडकीवर शिक्के मारताना, अंदाजे वीस मिनिटे. मंगळवार, हे अंघोळीला गेल्यावर, तेरा. गुरुवार, भाजी निवडताना, सोळा. घरातल्या ओळींच्या वेळी मी त्या हातात होतो, मित्रांनो. त्यांचे मनगट माझ्यापासून दोन बोटांवर असे आणि त्यांची नाडी सरांपेक्षा जलद चाले.

सर कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. "हे तू लिहिलंस?"

"नाही, शेजाऱ्यांनी येऊन लिहिलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" त्यांनी मेथीची काडी मोडली. "आणि तुमचीच पुढची बाजू भरत आली होती."

सर खाली बसले. त्यांनीही एक जुडी ओढून घेतली. बसक्या आवाजात म्हणाले, "आज किती?"

"आत्ता चालू आहे."

सरांनी मला चावी दिली, बटण दाबले आणि तबकडी खाली करून ठेवली. दोघांनी पाने निवडली. 'काही होणार नाही' असे कोणी म्हटले नाही, कारण ते दोघांनाही ठाऊक नव्हते. जुडी संपली तेव्हा सरांनी मला उचलले. अकरा मिनिटे होऊन गेली होती. पत्नी म्हणाल्या, "माझं मघाशीच थांबलं. तुम्ही नीट निवडत होतात, म्हणून बोलले नाही."

अकराव्या दिवशी मी सरांच्या खिशातून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बटणाला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "कर्करोग नाही. पण काही पेशी बदललेल्या आहेत. कधी त्या तशाच राहतात, कधी पुढे बिघडतात. म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघायचं. ओरडणं बंद."

"म्हणजे पास की नापास?" सरांनी विचारले.

"म्हणजे तीन महिन्यांनी या."

सर पुढे काही विचारणार होते. पत्नी म्हणाल्या, "तारीख द्या." आणि पिशवीतून पेन काढले.

आता तलावावर सर शिट्टी वाजवतात आणि हातवारे करतात. मुले म्हणतात, भोंग्यापेक्षा हात जास्त कडक आहेत. घड्याळजीने मला उघडून तेल घातले. मी आता खणात नसतो, स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला असतो. तीन महिन्यांची तारीख जवळ आली की माझे काम वाढते. नवा तक्ता आखला आहे, त्यावर दोघांच्या ओळी एकाखाली एक आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे चावीचे घड्याळ असेल, तर महिन्यातून एकदा त्याला चालवा. चावी अडेल तिथे थांबा, जोर करू नका. कोणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर पाण्याला आणि हवेला दोष देत बसू नका, त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. आणि घरी कोणी अहवालाची वाट पाहत असेल, तर त्याला कसे वाटते ते विचारा. मग त्याच्याजवळ गप्प बसलेल्या माणसालाही विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत तिथून उठू नका.