नाव कमी करण्याचा नियम

दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या वधू-वर विभागात खोटं कुणीच बोलत नसे; लोक फक्त दुरुस्ती करून घेत. पीतमपुऱ्याच्या एका बाईंनी मुलीचं जन्मवर्ष दोनदा पुढे सरकवून घेतलं. नोएडाचा एक उपवर इंजिनिअर गणपती ते दिवाळी एवढ्या अवधीत दोन इंच वाढला. पूर्वी हे सगळं कार्डांवर पेन्सिलीने चालायचं. कॉम्प्युटर आल्यावर खोडरबराचीही गरज उरली नाही. शेवटी एका साखरपुड्यात नवरीच्या वयावरून भर पंगतीत जुंपली, आणि मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी विभागाचे कार्यवाह विश्वनाथ देवस्थळी यांना बोलावून घेतलं.

"विश्वनाथराव, तुमची अश्लेषा गुडगावला हेच काम करते ना? तिला म्हणावं, काहीतरी बंदोबस्त कर."

अश्लेषा हेच काम करत असे, हे खरं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या वडिलांच्या सरकारी क्वार्टरमधून सकाळी निघायचं, चार्टर्ड बसमध्ये धौला कुआँपर्यंत पेंगायचं, आणि दिवसभर काचेच्या इमारतीत बसून कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या नोंदी सांभाळायच्या. कोणी काय बदललं, कोणाला विचारून बदललं. आठवड्यातला रविवार तेवढा तिचा होता. तोही मंडळाने घेतला.

तिने मंडळाच्या डेटाबेसवर दोन ट्रिगर बसवले. ट्रिगर म्हणजे काय, हे तिने कमिटीला सोपं करून सांगितलं. नोंदीला कुणी हात लावला की तो आपोआप जागा होतो, त्याला हाक मारावी लागत नाही. पहिला ट्रिगर नुसता लिहून ठेवायचा: आधी काय होतं, आता काय आहे, बदल कोणी केला, केव्हा केला. दुसरा अडवायचा. जन्मतारीख बदलायची नाही, उंची बदलायची नाही. कुणी प्रयत्न केलाच तर पडद्यावर लाल चौकट. कमिटी खूश झाली. तेवढ्यात विश्वनाथरावांनी आपलाही एक नियम त्यात घालून घेतला. नकार आला की लोक फुरंगटून नाव कमी करायला सांगत आणि दोन महिन्यांनी पुन्हा दारात उभे राहत. म्हणून यापुढे 'विवाह ठरला' असं लिहून जोडीदाराचा रकाना भरल्याशिवाय कुणाचीही नोंद यादीतून हलणार नव्हती.

"म्हणजे लग्न केल्याशिवाय सुटका नाही," अश्लेषा म्हणाली. सगळे हसले, आणि तिने मुकाट्याने तो नियम बसवला. त्या यादीत ती स्वतःही होती.

वय चौतीस. नावानेच तिचा पहिला घात केला होता. विश्वनाथराव तरुणपणी पत्रिका-बित्रिका मानत नसत, म्हणून लेकीचं नाव त्यांनी हौसेने नक्षत्रावरून ठेवलं. त्या नक्षत्राची सून सासूला जड जाते म्हणतात, हे त्यांना स्थळांसाठी लेकीचे फोटो काढायची वेळ आली तेव्हा कळलं. काही सासवा नाव ऐकूनच मागे फिरल्या. उरलेल्यांना कधी तिची नोकरी फार मोठी वाटली, कधी चष्मा. दहा वर्षं ती नीटनेटकी होऊन लोकांसमोर बसत आली होती. आताशा लोक घरी येत नसत. गुडगावच्या नव्या मॉलमध्ये कॉफीला बोलवत आणि तिथे एसीत बसून तेच प्रश्न विचारत.

दिल्लीतल्याच द्वारकेच्या कुटुंबाने मात्र एक नवा प्रश्न काढला. मुलाचे वडील कॉफी ढवळत म्हणाले, "मुलगी एकुलती आहे तुमची. पुढेमागे तुम्ही दोघं तिच्याकडेच राहायला येणार का?"

"छे छे," विश्वनाथराव म्हणाले. "मी रिटायर झालो की आम्ही पुण्याला. घर तयार आहे."

पुण्यात त्यांचं जवळचं कुणी नव्हतं आणि घर तर मुळीच नव्हतं. पुढच्या वर्षी क्वार्टर सोडून जायचं कुठे, यावर आईचं आणि त्यांचं रोज जेवताना बोलणं व्हायचं. दुसऱ्याच्या मुलीचं एक वर्ष कमी करू न देणारा हा माणूस अनोळखी लोकांसमोर, मान खाली घालून, नसलेलं घर उभं करत होता. अश्लेषाला त्या लोकांचा राग आला नाही. तिला इतकं थकल्यासारखं झालं की समोरचा कप उचलवेना.

परतताना मारुतीत ती पुन्हा एकदा म्हणाली, "बाबा, माझं नाव कमी करा."

"यांचं उत्तर येऊ दे, मग बघू."

"त्यांचं काहीही येऊ दे. मला बिल्कुल नकोय आता हे. तुम्हीच घातलंय, तुम्हीच कमी करा."

तिला स्वतःला ते मिनिटात करता आलं असतं. ट्रिगर तिचे, पासवर्ड तिचा. पण आपण चोरून नाव काढलं तर पुढच्या रविवारी बाबा नवा अर्ज भरतील, हे ती ओळखून होती. तिला त्यांच्या हातून सुटका हवी होती.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी अण्णासाहेबांचा घरी फोन आला.

"अभिनंदन, अश्लेषा. विश्वनाथरावांनी अगदी पत्ता लागू दिला नाही. अच्छा, मंडळाच्या मासिकाचा अंक सोमवारी छापायला जातोय, शुभवार्तांमध्ये तुझं नाव घेतोय. पण जोडीदाराच्या रकान्यात 'नंतर कळवू' असं लिहिलंय. ते जरा आत्ताच कळव ना."

ती रिक्षा करून मंडळात गेली. बाबा वधू-वर विभागाच्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच बसले होते. ती शेजारी उभी राहिली आणि तिने बदलांची यादी उघडली. तिच्या नोंदीपुढे एकच बदल होता. आधी: शोध चालू. आता: विवाह ठरला, जोडीदार नंतर कळवू. बदल करणारा: विश्वनाथ.

"कुणाशी ठरवलंत?"

"कुणाशी नाही."

"मग हे कशासाठी? लोकांसमोर लाज वाटायला लागली माझी?"

विश्वनाथरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, नाव कमी करायलाच आलो होतो. होईना. बुधवारी आलो, काल आलो. दर वेळी ती लाल चौकट. शेवटी हा एकच रस्ता उरला, पण असल्या खोट्यावर नोंद काढवेना. तूच ठेवलायस."

"नियम तुमचा होता, बाबा."

"हो. माझाच होता."

अश्लेषाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बुधवारचं तिथे काहीच नव्हतं. असणारही नव्हतं, अडवणारा ट्रिगर ज्याला परत पाठवतो, त्याची नोंद लिहिणाऱ्याकडे उरत नाही. बदल झालाच नाही, तर लिहायचं काय? हे तिला नोकरी लागल्यापासून माहीत होतं आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. बाबा ऑफिस सुटल्यावर या खोलीत एकटे बसून लेकीला सोडवायला बघत होते, आणि तिच्या सगळ्या बंदोबस्तात त्याचा मागमूस नव्हता. आपण काय बोलून गेलो याची तिला फार शरम वाटली.

"मला का नाही विचारलंत?"

"तू म्हणालीस ना, तुम्हीच करा."

ती स्टूल ओढून बसली. "एक मिनिट मी दोन्ही ट्रिगर बंद करते. तुम्ही नोंद काढून टाका. कुठे काही राहणार नाही. अण्णासाहेबांना म्हणू, चुकून झालं होतं."

"नको," विश्वनाथराव म्हणाले. "अडवणारा बंद कर. लिहिणारा राहू दे."

"अण्णासाहेब दर महिन्याला ती यादी वाचतात, बाबा."

"वाचू देत. नाहीतर उद्या म्हणतील, पोरीने बापाच्या पाठीमागे केलं."

तिने अडवणारा ट्रिगर बंद केला आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी आधी 'विवाह ठरला' खोडून पुन्हा 'शोध चालू' केलं. त्यांना खोट्यावरून नोंद काढायची नव्हती. मग एका बोटाने, अक्षर शोधत, त्यांनी तिची नोंद काढली. या वेळी लाल चौकट आली नाही.

लिहिणाऱ्या ट्रिगरने अख्खी नोंद उतरवून घेतली होती. उंची, शिक्षण, वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ. सगळं कधीकाळी त्यांनीच भरलेलं. शेवटी, नोंद काढणारा: विश्वनाथ. ते बराच वेळ वाचत राहिले.

"कारण लिहायला जागा नाही यात," ते म्हणाले.

"कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ठेवली नाही."

"बरं. मी तोंडी सांगेन."

"काय सांगाल?"

"तू सांगितलंस म्हणून काढलं. एवढंच. तू किती वर्षं सांगत होतीस, तेही विचारतील कदाचित."

अश्लेषाने अडवणारा ट्रिगर पुन्हा चालू करायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे बंद. उद्या कमिटीत मी माझा नियम मागे घेतो, मग वय-उंचीपुरता पुन्हा चालू कर. आणखी कुणाची मुलगी असेल यात."

तिला रडू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्चीला नीट पाठ टेकून बसावंसं वाटलं, म्हणून ती स्टुलावरून उठली आणि नाव नोंदवायला येणाऱ्या लोकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसली.