कुलूप कोणाचं होतं

माझ्या मेहुण्याने तीन आठवड्यांच्या नातीला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

"घेणार कसा? हात कापतात म्हणतो," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "सूतभराचा फरक बोटाने सांगणारा माझा भाऊ! कोणाची दृष्ट लागली कोण जाणे."

मी हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. वाचत नव्हतोच. दृष्ट कोणाची लागली ते मला चार वर्षांपासून ठाऊक होतं.

आम्ही दोघं चष्म्याची भिंगं करणाऱ्या एकाच कारखान्यात होतो. तो खाली पॉलिशच्या चाकावर, मी माळ्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर सांभाळायला. त्याला सगळे 'सूतभर' म्हणत आणि मला 'वाचनालय'. त्याचं नाव कौतुकाने पडलं होतं, माझं कशाने ते मी कधी विचारलं नाही.

भिंगाला बाक देणारं यंत्र जुनं होतं. त्याचा प्रोग्राम ज्या प्रोसेसरसाठी लिहिला होता, तो प्रोसेसर मिळेनासा झाला, तेव्हा मी एम्युलेटर लिहिला. एम्युलेटर म्हणजे दुभाष्या. जुना प्रोग्राम आपल्या भाषेत हुकूम देतो, दुभाष्या तो नव्या प्रोसेसरला त्याच्या भाषेत समजावून सांगतो. फाइल वाचण्यासारखी कामं मात्र प्रोग्राम स्वतः करत नाही. तो कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमला विनंती करतो, की ही फाइल वाच आणि मजकूर मेमरीतल्या अमुक पानावर उतरव. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. मेमरीची अशी पानंच असतात आणि प्रत्येकाला परवानगी असते. कुठे लिहिलं तर चालतं, कुठे नुसतं वाचायचं.

काही पानांना मीही कुलूप घालत असे. एखाद्या पानावरच्या हुकुमांचं भाषांतर करून ठेवलं आणि मागाहून ते पान बदललं, तर भाषांतर शिळं होतं. म्हणून पान बंद ठेवायचं. प्रोग्राम तिथे लिहायला आलाच, तर कुलूप काढून शिळं भाषांतर फेकून द्यायचं. पण प्रोग्रामच्या वतीने सिस्टिम लिहायला आली, की माझं कुलूप बघून ती सरळ नकार देई आणि यंत्र अडून बसे. मालक जिन्यातून हाका मारत. हाकांना मी आयुष्यभर घाबरत आलो. एका दुपारी वैतागून मी एक ओळ लिहिली: नकार आला, तर पान उघड आणि पुन्हा विनंती कर.

कुलूप माझं आहे की प्रोग्रामने स्वतः घातलेलं, एवढं आधी विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.

आणि त्या प्रोग्रामला एक खोड होती. सकाळी सुरू झाला, की दिवसाच्या कामाची चिठ्ठी, म्हणजे एक फाइल, तो सिस्टिमला आधी एका ठरावीक पानावर उतरवायला सांगे. यंत्राच्या आधीच्या मॉडेलमध्ये ते पान मोकळं होतं. आमच्या मॉडेलमध्ये तिथे काचांच्या मापांचा तक्ता होता, प्रोग्रामने स्वतः बंद केलेला. जुन्या, खऱ्या प्रोसेसरवर नकार यायचा आणि प्रोग्राम मुकाट्याने दुसऱ्या पानावर जायचा. त्या नकारावरच त्याची भिस्त होती. माझ्या ओळीने नकार येणंच बंद केलं. चिठ्ठीची शेवटची अक्षरं तक्त्याच्या कडेला सांडू लागली आणि जाड काचेच्या मापाचे शेवटचे आकडे बिघडले. चिठ्ठी रोज वेगळी, म्हणून चूकही रोज वेगळी.

भिंगं परत येऊ लागली. मालकांनी सगळ्यांना चाकापाशी बोलावलं.

"यंत्र चुकलं तर रोज सारखंच चुकेल," ते म्हणाले. "आज इतकं, उद्या तितकं, हे हाताचं काम."

"मालक, फक्त जाड काचच बिघडतेय," मेहुणा म्हणाला. "माझा हात काय काच बघून थरथरतो?"

"काच बघून नाही, वय बघून!" कोणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला.

मालक माझ्याकडे वळले. "काय हो वाचनालय, तुमचा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चार माणसं बघायला लागली की मी पहिला सुचेल तो शब्द बोलून मोकळा होतो. "ठीक आहे तो," मी म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो, मला तसंच वाटत होतं. पण तपासून सांगतो, असं म्हणता आलं असतं.

महिनाअखेर मेहुण्याने चाक सोडलं. त्याच्या जागी एक बाई आली. तिसऱ्या आठवड्यात तिचीही जाड भिंगं परत आली, तेव्हा कुठे मी तपासायला बसलो. ती ओळ सापडायला दोन तास लागले आणि सुधारायला दहा मिनिटं. कामाच्या वहीत मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. दुसऱ्या दिवसापासून भिंगं नीट येऊ लागली. खाली सगळे म्हणाले, बाईंचा हात बसला.

आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत मेहुणा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला.

रविवारी आम्ही बाळाला बघायला गेलो. भाचीने बाळ त्याच्यापुढे धरलं. "बाबा, घ्या ना. काही पडत नाही ती."

त्याने दोन्ही हात खिशात घातले. "नको गं. तुझ्या आतोबांना दे. त्यांनी जन्मभर पुस्तकंच उचलली, त्यांचे हात शाबूत आहेत."

सगळे हसले. भाचीने बाळ माझ्या हातांत दिलं. ते इतकं हलकं होतं, की मला ते धरवेना. मी ते बायकोकडे दिलं आणि मेहुण्याला म्हणालो, "जरा बाहेर येतोस?"

व्हरांड्यात बाकावर बसून मी सगळं सांगितलं. घरून वाक्यं जुळवून नेली होती, ती सगळी उलटसुलट झाली. पानं, कुलुपं, चिठ्ठी, शेवटी त्या बाईंचा बसलेला हात. तो समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होता.

"जाडच काच ना?" त्याने विचारलं.

"हो. तेवढीच."

"मी म्हणालो होतो."

"हो."

"तुम्ही तिथेच उभे होतात, भावोजी."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, ते सोडा. पण तिसऱ्या आठवड्यात कळलं ना? मग माझ्या घरचा रस्ता विसरलात? दर महिन्याला तर जेवायला येत होतात."

मी म्हणालो, "मी भित्रा आहे रे."

"ते सगळ्या जगाला माहीत आहे." तो हसला नाही. "रात्री बायकोला उठवून विचारायचो मी, बघ गं, हात कापतोय का? ती म्हणायची नाही. मला वाटायचं, माझ्या समाधानासाठी म्हणतेय." मग त्याने विचारलं, "ताईला सांगितलंत?"

"नाही. आधी तुला."

"मग सांगा. आजच. मालकांनाही. आणि त्या वहीत काय लिहिलं होतंत म्हणालात?"

"किरकोळ दुरुस्ती."

"किरकोळ," तो म्हणाला आणि उठला.

न्हाणीघरात नळ सुटल्याचा आवाज आला. भिंगाला हात लावण्याआधी चाकावरचे लोक कोपरापर्यंत हात धुतात आणि वाऱ्यावर वाळवतात, टॉवेलचा धागा लागू नये म्हणून. तो तसेच हात वर धरून माझ्यासमोरून आत गेला. मी उंबऱ्याशी येऊन थांबलो. आत जायला मला कोणी म्हटलं नव्हतं.

तो पलंगावर मांडी घालून बसला. "दे," म्हणाला.

भाचीने एकदा आईकडे पाहिलं आणि बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. हात थरथरत होते, मला इथून दिसत होतं. रागाने, की चार वर्षांच्या सवयीने, की आता खरोखरच वयाने, ते मला कळलं नाही. ती चूक माझ्या कुठल्याच ओळीने सुधारणार नव्हती. पण त्याने बाळ परत दिलं नाही. अंगठ्याने तो तिच्या कपाळाचा बाक चाचपत राहिला, हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"अहो, तिथे काय उभे राहिलात?" बायकोने विचारलं.

मेहुण्याने मान वर केली नाही. "भावोजी, तेवढं दार लोटा. वारा लागतोय तिला."

कुठल्या बाजूने, ते तो म्हणाला नाही. मी बाहेरूनच लोटलं आणि बायको येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. आता तिला सांगायचं होतं.