अफीफाच्या खांद्यावरची कोरडी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पट्टी आहे. बोटाएवढी लांब, धुरकट रंगाची, दिसायला अगदी साधी. माझ्या अंगाला गोंद नाही की डिंक नाही. तरीही मी चिकटते. कशी, ते सांगते.

माझा जन्म २००८ सालचा. भिवंडीजवळच्या राहनाळची मृणाली तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. तिच्या घराला लागूनच नूरुद्दीनचाचांचा यंत्रमागाचा कारखाना होता. तिथल्या ट्यूबलाइटशेजारी एक पाल राहायची. लूम धडधडत, भिंती थरथरत, कापसाचे तंतू हवेत उडत; पण पाल काही खाली पडत नसे. पालीच्या बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. दोन वस्तू अगदी जवळ आल्या की त्यांच्यात हलकीशी ओढ निर्माण होते. एका केसाची ओढ ती केवढी! पण असे लाखो केस एकदम टेकले की पालीचा सगळा भार पेलतात. मृणालीला तशीच पट्टी घडवायची होती.

तिला घाई होती ती अफीफासाठी. अफीफा ही चाचांची धाकटी नात. तिच्या खांद्यावर उकळता चहा सांडला होता. तिथे कापड बांधलं तरी घसरे, म्हणून ते चिकटपट्टीनेच लावावं लागे. पट्टी काढताना मात्र भोवतालची कोवळी कातडी सोलून निघे. मलमपट्टीची वेळ झाली की अफीफा खाटेखाली दडून बसायची. एकदा तिने जखम उघडीच ठेवली. तिच्यावर तंतू बसले आणि ती चिघळली. डॉक्टरांनी बजावलं, "जखम झाकली नाही, तर हिला दवाखान्यात ठेवावं लागेल."

मृणालीने बारीक भोकांच्या साच्यात पातळ सिलिकॉन रबर ओतलं. ते घट्ट झाल्यावर साच्यातून अलगद सोलून काढलं. तीच मी! माझ्या अंगावर असंख्य केस उभे होते. मृणाली मला मोठ्या कौतुकाने कारखान्यात घेऊन आली.

चाचांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "पोरी, सुकी पट्टी चिकटते होय कुठं? थुंकी लावल्याबिगर तुटलेला धागा जुळत न्हाय, ही तर रबराची हाय!"

आणि मृणाली "अहो चाचा!" म्हणेपर्यंत त्यांनी अंगठा जिभेला लावून माझ्यावर फिरवलासुद्धा. जन्मभराची सवय ती. लूमवर धागा तुटला की बोट ओलं करायचं आणि पीळ द्यायचा.

"शी! दादाजान, थुंकी?" अफीफा कोपऱ्यातल्या खाटेखालून आजोबांवर ओरडली.

"पालीला कोण थुंकी लावून देतं हो चाचा?" मृणाली हसत म्हणाली. पण मला काचेवर दाबताच तिचं हसू मावळलं. मी घसरून पडले. तिने भिंगातून पाहिलं. माझे ओले केस एकमेकांना बिलगून त्यांचे झुबके झाले होते. काचेला धरायला कुणी मोकळं उरलंच नव्हतं.

"माझ्या हातून नासली का गं?" चाचा ओशाळले.

मृणालीने पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. मग म्हणाली, "नाही चाचा, बरंच झालं. इथल्या उकाड्यात अफीफाच्या घामानेही हेच झालं असतं. तेही जखमेवर."

तिने मला धुऊन माझे केस मोकळे केले. प्रत्येक केसाच्या टोकाला त्याच रबराची, छत्रीसारखी चपटी टोपी दिली. मग त्या टोप्या काचेवर टेकवून ठेवल्या आणि पाण्याला दूर ठेवणाऱ्या एका द्रव्याची वाफ माझ्यावर सोडली. केसांच्या अंगावर त्या द्रव्याचा नाजूक थर बसला. काचेला टेकलेल्या टोप्या तेवढ्या कोऱ्या राहिल्या. आता केस एकमेकांना बिलगेनात आणि टोप्यांची पकडही जाईना. रबर तेच होतं मित्रांनो, बदलली ती फक्त केसांची टोकं आणि वरचा पापुद्रा!

मृणालीने मला आधी स्वतःच्या दंडावर लावलं आणि भर दुपारी कारखान्यात वावरली. मी टिकले. मग डॉक्टरांना विचारून तिने अफीफाच्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवलं आणि मला व माझ्यासारख्याच घडवलेल्या माझ्या बहिणींना कडेच्या निरोगी कातडीवर दाबलं.

दुसऱ्या दिवशी कापड बदलायचं होतं. अफीफाने डोळे गच्च मिटले, चाचांचा हात घट्ट धरला. मृणालीने माझी एक कड उचलली. माझे केस ओळीने सुटत गेले.

"ताई, काढ ना लवकर," अफीफा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"अगं, कधीच काढली."

अफीफाने एक डोळा उघडला. मग दुसरा. खांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा लाव बघू," ती म्हणाली, "आणि पुन्हा काढ!"

त्यानंतर ती कधी खाटेखाली लपली नाही. जखम भरली.

पुढे माझं काम संपलं. मी खिडकीत पडून राहिले. अंगावर तंतूंचा थर चढला आणि माझी पकड गेली. "आता हिच्यात काय न्हाय राहिलं," म्हणत चाचांनी मला केरात टाकायला उचललं. तेवढ्यात अफीफाने मला त्यांच्या हातातून घेतलं, साध्या पाण्याने धुतलं, वाळवलं आणि आरशावर दाबलं. मी तिथेच राहिले! पुढे तिची शाळा संपेपर्यंत तिचं वेळापत्रक मीच तिथे धरून होते.

म्हणून सांगते, मित्रांनो, एखाद्याची पकड सुटली की तो निकामी झाला असं लगेच म्हणू नका. कदाचित त्याच्यावर नुसती धूळ बसली असेल. आणि हो, भिंतीवरच्या पालीवर झाडू उगारण्याआधी क्षणभर थांबा. ती माझी गुरू आहे.