मिरचीच्या मसुद्याची फजिती

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फलक आहे. शिंदखेड्यातल्या कुठल्याही वकिलापेक्षा जास्त नियम मी अंगाखांद्यावर खेळवले आहेत. मला ज्या सागातून कापले, तो एवढा उंच होता की शेंड्यावरून तापी आणि नर्मदा दोन्ही दिसत. खोटे वाटत असेल तर सातपुड्यात जाऊन विचारा. बुंधा अजून असेल तिथे.

सुताराने मला रंधा मारला, हिरवा रंग दिला आणि बाजार कचेरीच्या मागच्या भिंतीवर ठोकले. तिकडे माणूस फिरकत नसे. तेव्हा नियम करणे फार सोपे होते. कचेरीच्या साहेबांच्या मनात आले, की कारकून चुडामणभाऊ कागद टंकून ज्वारीच्या पिठाच्या खळीने मला चिकटवत आणि दुसऱ्या दिवशी नियम लागू! खळीच्या वासाने बकऱ्या येत आणि कागद फस्त करत. बकऱ्यांना बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे नियम पाठ, माणसांना पत्ता नाही.

मग सत्तरच्या सुमारास वरून हुकूम आला. नियम करण्याआधी मसुदा लोकांना दिसेल असा महिनाभर लावा, हरकती ऐका आणि नियम कशासाठी, ते कारण लिहा.

“म्हणजे नियम करायलाही नियम?” साहेब चिडले.

साहेबांच्या खिडकीखाली मंजुळाबाई सुक्या मिरच्या विकायला बसत. तिखट वाऱ्याने साहेबांना शिंका येत. एक शिंक तर अशी आली, की गार्डाची शिट्टी समजून स्टेशनातली गाडी सुटली! लगेच मसुदा निघाला: बाजारात मिरची मांडू नये. मंजुळाबाईंची चूल त्या मिरचीवर पेटत होती. मसुदा माझ्यावर लागला आणि संध्याकाळच्या आत त्यांच्याच बकरीने खाल्ला.

महिन्याने धुळ्याहून तपासनीस सुनावणीला आले. साहेब म्हणाले, “कोणाचीच हरकत नाही.”

पण आपल्या ठेच्याचे कसे होणार, या काळजीने चुडामणभाऊंनी सकाळीच मंजुळाबाईंच्या कानावर सगळे घातले होते. त्या बकरीला ओढतच आत आल्या.

“बठ्ठा कागद या बकरीना पोटमा शे, साहेब. तिलेच इचारा, हरकत शे का!”

तपासनीस हसू दाबत म्हणाले, “लोकांना न दिसलेला मसुदा लावलाच नाही असे समजा. फलक बाजारात न्या आणि पुन्हा महिना मोजा.”

मला भर बाजारात, निंबाखाली उभे केले. ज्यांना वाचता येई ते इतरांना मोठ्याने वाचून दाखवत. आयुष्यात पहिल्यांदा माणसे माझ्याकडे बघत होती. मी लाजून लाल झालो, पण हिरव्या रंगाखाली ते दिसले नाही.

दुसऱ्या सुनावणीला सारा बाजार लोटला.

“कारण लिहा,” तपासनीस म्हणाले. साहेबांनी लेखणी उचलली, तोंड उघडले आणि ते शिंकले.

“नाना, खिडकी लोटी ल्या ना!” मंजुळाबाई साहेबांना म्हणाल्या.

हसता हसता लोकांच्या टोप्या पडल्या. साहेबही हसले. कागदावर कारण काही उतरेना. मसुदा मागे घेतला गेला, साहेबांचे टेबल पलीकडच्या खिडकीशी गेले आणि मंजुळाबाई होत्या तिथेच बसल्या.

आता माझा रंग उडाला आहे. सर्कशीच्या जाहिराती माझ्यावर डकवतात, पोरे खिळे उपटतात. मित्रांनो, तेवढे करू नका. येता-जाता दोन ओळी वाचत जा, आणि मसुदा असतानाच वाचा. नियम झाल्यावर वाचणाऱ्याला मी नुसता कागद दाखवू शकतो. आधी वाचणाऱ्याला बोलायला जागा असते.